टेकऑफनंतर फ्लॅप्स आणि स्लॅट्स आत घेताना: नव्या सहवैमानिकासाठी पायरी-पायरीने

टाइप रेटिंगच्या, म्हणजे एका ठरावीक विमानासाठीच्या प्रशिक्षणाच्या, पहिल्या आठवड्यात मी फ्लॅप्सच्या वेगांचे सगळे आकडे एका कार्डावर लिहून पाठ केले होते. झोपेत विचारलं असतं तरी सांगितले असते. सिम्युलेटरमध्ये बसल्यावर मात्र त्यांतला एकही वेळेवर आठवेना. चाकं जमीन सोडतात, रेडिओवर कुणीतरी बोलत असतं, नाक वर असतं आणि वेगाची पट्टी भराभर खाली सरकत असते. तेवढ्यात फ्लॅप्सची लिव्हर कधी हलवायची हे ठरवायचं असतं.

नंतर कळलं की आकडे पाठ करणं हा मार्गच नव्हता. लिव्हरला हात लावण्याआधी दर वेळी दोनच गोष्टी विचारायच्या: पुढच्या स्थितीसाठी लागणारा वेग आला आहे का, आणि तो अजून वाढतो आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच हात हलतो. खालच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हे दोन प्रश्न योग्य क्षणी विचारण्याची तयारी आहे.

उदाहरणं मुख्यतः एअरबस ए-३२० ची आहेत, कारण मी तेच उडवतो. बोइंग ७३७ बद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. तुमच्या कंपनीच्या एसओपीत (ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत) काही वेगळं असेल तर एसओपीच पाळायची.

हाताशी काय हवं

- एफसीओएममधला (विमान चालवण्याच्या मुख्य पुस्तिकेतला) मर्यादांचा भाग आणि टेकऑफची कार्यपद्धती
- एफसीटीएम, म्हणजे प्रशिक्षण पुस्तिका (कारणं इथे सापडतात, त्यामुळे आधी हे वाचा)
- क्यूआरएच, म्हणजे बिघाडाच्या वेळी चटकन उघडायची पुस्तिका; विशेषतः फ्लॅप्स किंवा स्लॅट्स अडकल्यावरची पानं
- कंपनीची एसओपी आणि ठरलेले कॉलआउट (एकमेकांना मोठ्याने म्हणायची वाक्यं)
- त्या दिवसाचा लोडशीट (विमानाच्या वजनाचा तक्ता) आणि टेकऑफ परफॉर्मन्सचा हिशेब
- कॉकपिटचं कागदी पोस्टर. घरी भिंतीवर लावून हाताचा सराव करायला याहून चांगलं साधन नाही

१. स्लॅट्स शेवटी का, हे आधी समजून घ्या

फ्लॅप्स पंखाच्या मागच्या कडेला असतात. ते बाहेर आले की पंखाचा बाक वाढतो आणि त्याच वेगाला जास्त उचल मिळते, पण ओढही वाढते. स्लॅट्स पुढच्या कडेला असतात. ते बाहेर असताना पंख जास्त कोनापर्यंत स्टॉल न होता, म्हणजे उचल अचानक न गमावता, तग धरतो. म्हणून कमी वेगात, नाक वर असताना, खरा आधार स्लॅट्सचा असतो. टेकऑफनंतर आधी फ्लॅप्स आत जातात आणि स्लॅट्स सगळ्यात शेवटी, ते याचमुळे.

उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढला तर त्याच कोनाला उचल २१ टक्के वाढते. पंखाचा आकार लहान करून जी उचल आपण सोडून देतो ती वेगाने भरून काढायची असते. वेग आधी कमवायचा आणि मग आकार सोडायचा. क्रम उलटला की काय होतं हे १८ जून १९७२ रोजी दिसलं. लंडनच्या हीथ्रोहून ब्रसेल्सला निघालेल्या ट्रायडंट विमानाच्या पंखांची पुढची कड, म्हणजे त्या विमानात ज्याला ड्रूप म्हणत ती, सुमारे १६२ नॉटला आत घेतली गेली. त्यासाठी २२५ नॉट हवे होते. विमान डीप स्टॉलमध्ये, म्हणजे ज्यातून सावरणं जवळपास अशक्य अशा स्टॉलमध्ये, गेलं आणि स्टेन्सजवळ कोसळलं. आतले सर्व ११८ जण गेले. इंजिनं ठीक होती. कमी पडला तो साठेक नॉटचा वेग.

मी प्रत्येक नव्या सहवैमानिकाला हा अपघात सांगतो. घाबरवण्यासाठी नव्हे, त्या लिव्हरच्या शेवटच्या खाचेचं वजन कळावं म्हणून.

२. इंजिन सुरू होण्याआधीच वेग ठरवून ठेवा

परफॉर्मन्सच्या हिशेबातून टेकऑफची फ्लॅप स्थिती येते: १+एफ (लिव्हर १ वर, स्लॅट्ससोबत थोडे फ्लॅप्सही बाहेर), २ किंवा ३. ती एमसीडीयूच्या (उड्डाणाची माहिती भरायच्या संगणकाच्या) परफ, म्हणजे परफॉर्मन्सच्या, पानावर भरली की तिथे तीन वेग दिसतात.

एफ वेग म्हणजे २ किंवा ३ वरून १ वर यायला लागणारा किमान वेग. एस वेग म्हणजे १ वरून शून्यावर यायला, म्हणजे स्लॅट्सही आत घ्यायला, लागणारा किमान वेग. ग्रीन डॉट म्हणजे क्लीन, म्हणजे फ्लॅप्स-स्लॅट्स पूर्ण आत असलेल्या, विमानात उचल आणि ओढ यांचं गुणोत्तर सर्वांत चांगलं असतं तो वेग.

ग्रीन डॉटचा ढोबळ हिशेब तोंडी करता येतो. २०,००० फुटांखाली टनांतल्या वजनाची दुप्पट करा आणि त्यात ८५ मिळवा. ६० टनांना २०५ नॉट, ७० टनांना २२५. पानावरचा आकडा यापासून लांब असेल तर वजन भरताना चूक झालेली असण्याची दाट शक्यता आहे. पानावरचे हे वेग तुम्ही भरलेल्या वजनावरच उभे असतात. झिरो फ्युएल वेट (इंधन सोडून विमानाचं वजन) ५ टनांनी कमी टाईप झालं तर तिन्ही वेग कमी दिसतील आणि पान कसलीही तक्रार करणार नाही. दहा सेकंदांचा हा हिशेब मी कधीच टाळत नाही.

याच वेळी वरची मर्यादाही नजरेखालून घाला. ए-३२० ला व्हीएफई, म्हणजे त्या-त्या स्थितीत चालणारे कमाल वेग, असे आहेत: स्थिती १ साठी २३०, १+एफ साठी २१५, २ साठी २००, ३ साठी १८५, फुल साठी १७७ नॉट. किमान वेग आणि व्हीएफई यांच्यामध्ये जी खिडकी उरते तिच्यातच लिव्हर हलवायची. हलक्या विमानाला खिडकी मोठी असते, पण वेग इतक्या झपाट्याने वाढतो की ती लगेच मागे पडते. जड विमानात वेग सावकाश वाढतो आणि खिडकी मुळातच अरुंद असते. आज कोणती परिस्थिती आहे, ते ब्रीफिंगमध्ये एका वाक्यात बोलून घ्या.

३. दोन उंच्या, दोन वेगळी कामं

नवखे इथे हमखास गोंधळतात. थ्रस्ट रिडक्शन उंचीला, म्हणजे इंजिनांचा जोर कमी करायच्या उंचीला, थ्रस्ट लिव्हर क्लाइंब खाचेत येतात. ॲक्सेलरेशन उंचीला नाक थोडं खाली येतं आणि वेग वाढू लागतो. बऱ्याच ठिकाणी दोन्ही उंच्या एकच ठेवलेल्या असतात, म्हणून त्या एकच वाटतात.

त्या वेगळ्या का असतात हे आवाज कमी करण्याच्या कार्यपद्धतीत, म्हणजे एनएडीपीत, कळतं. एनएडीपी-१ मध्ये ८०० फूट किंवा त्याहून वर थ्रस्ट कमी होतो, पण विमान टेकऑफच्या फ्लॅप्सवरच, व्ही-टूपेक्षा (एक इंजिन गेलं तरी सुरक्षित चढता येईल अशा किमान वेगापेक्षा) १० ते २० नॉट जास्त वेगाने, ३००० फुटांपर्यंत चढत राहतं. फ्लॅप्स त्यानंतर. एनएडीपी-२ मध्ये ८०० फूट किंवा त्याहून वर वेग वाढवायला सुरुवात होते आणि फ्लॅप्स लवकर आत जातात. आज कोणती पद्धत आहे हे माहीत नसेल तर १५०० फुटांवर तुमचा हात उगाच लिव्हरकडे जाईल.

४. 'गिअर अप' म्हणजे फक्त गिअर

विमान चढू लागलं. 'पॉझिटिव्ह क्लाइंब', 'गिअर अप'. इथे फ्लॅप्सचा काहीही संबंध नाही.

तरीही ही चूक होते. माझ्याकडून झाली आहे. सिम्युलेटरचं तिसरं सत्र, मी मॉनिटरिंगला (म्हणजे उडवणारा सांगेल त्या लिव्हर हलवायला आणि लक्ष ठेवायला), टेकऑफ १+एफ. कॅप्टन म्हणाले 'गिअर अप', आणि माझा डावा हात खालच्या पेडेस्टलवर गेला. खाचेतून लिव्हर वर उचलली, शून्यावर सरकवली, आणि तोंडाने 'गिअर अप' म्हणालो. फ्लॅप्स आत जाऊ लागले. स्लॅट्स मात्र जागेवरच राहिले आणि वरच्या स्क्रीनवर ए-लॉक लुकलुकू लागलं. प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला. ओरडले नाहीत. म्हणाले, 'हात तिथेच ठेव. आता बघ तो कशावर आहे.' त्या दहा-पंधरा सेकंदांत बोटांखाली जो चपटा आकार लागत होता तो मी विसरलेलो नाही.

गिअर लिव्हरची मूठ चाकाच्या आकाराची आणि फ्लॅप लिव्हरची मूठ फ्लॅपच्या आकाराची असते. प्रमाणीकरणाच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे, कारण या दोन लिव्हरची अदलाबदल फार जुनी आहे. मुठीचा आकार बोटांनी ओळखा, नजरेने खात्री करा आणि मगच हलवा.

ए-लॉकबद्दल दोन शब्द. ए-३२० मध्ये लिव्हर १ वरून शून्यावर आणताना वेग १४८ नॉटच्या खाली असेल किंवा आक्रमण कोन (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) ८.५ अंशांच्या वर असेल, तर स्लॅट्स आत जायचे थांबतात. वेग १५४ च्या वर गेला किंवा कोन ७.६ अंशांच्या खाली आला की ते मोकळे होतात. पण लिव्हर शून्यावर आल्यानंतर वेग घसरला, तर हे संरक्षण नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

५. ॲक्सेलरेशन उंची: वेगाचा बाण वाचायला शिका

एसआरएस (टेकऑफनंतर ठरावीक वेग धरून चढवणारा) मोड सुटून क्लाइंब मोड येतो आणि लक्ष्यवेग वर उडी मारतो, बहुतेक वेळा २५० नॉटवर. फ्लाइट डायरेक्टर (स्क्रीनवरच्या मार्गदर्शक रेषा) नाक खाली आणायला सांगतो. हाताने उडवत असाल तर सावकाश आणा. खसकन खाली आणलंत तर वेग व्हीएफईकडे धावतो. खाली आणायला कचरलात तर वेग एफच्या अलीकडेच रेंगाळतो, चढही धड होत नाही आणि फ्लॅप्सही निघत नाहीत.

आता वेगाच्या पट्टीवरचा बाण पाहा. आत्तासारखंच चालू राहिलं तर १० सेकंदांनी वेग किती असेल, तिथे त्याचं टोक असतं. टोक ३० नॉट वर असेल तर वेग दर सेकंदाला ३ नॉट वाढतो आहे. समजा, स्थिती २ मध्ये तुम्ही १५५ वर आहात. २०० च्या व्हीएफईला पोहोचायला १५ सेकंद आहेत. १५ सेकंद म्हणजे एक रेडिओ कॉल. त्या वेळात कंट्रोलरने फ्रिक्वेन्सी बदलायला सांगितली तर आधी फ्लॅप्स, मग फ्रिक्वेन्सी.

बाण खाली वळला असेल, तर आकडा कितीही चांगला दिसला तरी थांबायचं. झोत, वळण, कंट्रोलरने अचानक सांगितलेली सपाट उड्डाणाची उंची आणि त्यामुळे कमी झालेला थ्रस्ट, यांपैकी काहीही कारण असू शकतं. बाण पुन्हा वर वळेपर्यंत हात मांडीवर.

६. एफ वेग: 'फ्लॅप्स वन'

उडवणारा म्हणतो 'फ्लॅप्स वन'. मॉनिटर करणारा वेग पाहतो आणि मग म्हणतो 'स्पीड चेक, फ्लॅप्स वन'. यातला 'स्पीड चेक' हा या सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे. दुसऱ्या वैमानिकाने मागितलं म्हणून लिव्हर हलवायची नसते. वेग तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात म्हणून हलवायची असते. कॅप्टन वीस वर्षांचे अनुभवी असले आणि तुमचा दुसराच दिवस असला, तरी वेग कमी असेल तर 'स्पीड लो' असंच म्हणायचं. चांगल्या कॅप्टनला ते ऐकायचंच असतं.

लिव्हर हलवून हात काढू नका. वरच्या स्क्रीनवर निर्देशक खरोखर सरकतो आहे का ते पाहा. लिव्हर कुठे आहे आणि पंख कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गोष्ट नवख्यांना दचकवते. लिव्हर हलवली की पट्टीवरचा पिवळसर व्हीएलएस, म्हणजे निवडता येणारा किमान वेग, वर चढतो. टेकऑफच्या स्थितीत तो स्टॉल वेगाच्या १.१३ पट असतो, फ्लॅप्सची एक पायरी आत घेतली की १.२३ पट होतो आणि क्लीन झाल्यावर १.२८ पट. तुम्ही काही चुकवलेलं नसतं. खालची जमीन वर आली आहे, एवढंच. वेग वाढता का हवा, हे इथे डोळ्यांना दिसतं.

१+एफ वर टेकऑफ केलं असेल तर ही पायरी नाहीच.

७. २१० नॉट, एस वेग आणि 'फ्लॅप्स झीरो'

लिव्हर १ वर आणली तेव्हा वेग २१० च्या खाली असेल तर १+एफ मिळतं: स्लॅट्स १८ अंश, फ्लॅप्स १० अंश. २१० ला फ्लॅप्स आपोआप आत जातात, लिव्हर जागची हलत नाही. त्यामुळे २१५ चा लाल पट्टा २३० वर सरकतो.

बहुतेक वेळा एस वेग त्याआधीच येतो. एस आला, बाण वर आहे: 'फ्लॅप्स झीरो', 'स्पीड चेक, फ्लॅप्स झीरो'. जड विमानात एस २१० च्या अगदी जवळ येतो. तिथे घाईने एसच्या आधीच शून्य मागण्याचा मोह होतो, कारण लाल पट्टा अंगावर येताना दिसतो. मोह आवरा. स्वयंचलित व्यवस्था त्यासाठीच आहे. वेग फारच झपाट्याने वाढत असेल तर नाक किंचित वर घ्या. स्लॅट्स कमी वेगाला आत घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

वळणात असाल तर आणखी जपून. ३० अंशांच्या कलात पंखावरचा भार १.१५ पट होतो आणि स्टॉल वेग ७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सरळ उड्डाणात १५० ला होणारा स्टॉल वळणात १६१ च्या आसपास येतो. बंदी नाही, पण मी वळणात असताना एस आल्यावर बाणाकडे आणखी एकदा नजर टाकतो आणि मगच मागतो.

शून्य दिसलं, स्लॅट्स खरोखर आत गेले, वेग ग्रीन डॉटच्या वर गेला: विमान क्लीन. आफ्टर टेकऑफ चेकलिस्ट.

८. इंजिन गेलं तर

क्रम तोच, सगळं सावकाश. ठरलेल्या उंचीला विमान सपाट करायचं, वेग वाढवायचा, त्याच एफ आणि एस वेगांना पायऱ्या घ्यायच्या आणि ग्रीन डॉटला पुन्हा चढायला लागायचं. ही उंची ४०० फुटांपेक्षा कमी असत नाही; बहुतेक कंपन्या ती बरीच वर ठेवतात. टोगा, म्हणजे टेकऑफच्या पूर्ण, थ्रस्टला एका इंजिनावर १० मिनिटांची मर्यादा आहे, म्हणून रेंगाळायचं नाही. पण वेग इतका हळू वाढतो की बाण जेमतेम दिसतो, आणि त्यातच लवकर हात घालायची इच्छा होते.

व्ही-टूच्या वर वेग असताना इंजिन गेलं तर तो वेग खाली आणून व्ही-टूला टेकवू नका. व्ही-टू ते व्ही-टू अधिक १५ या पट्ट्यात असाल तर आहे तोच वेग धरा. २५ मे १९७९ ला शिकागोत डीसी-१० चं डावं इंजिन पंखापासून तुटून गेलं, हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या आणि डावीकडचे बाहेरचे स्लॅट्स हवेच्या दाबाने आत गेले. त्या भागाचा स्टॉल वेग १५९ नॉटवर गेला. व्ही-टू १५३ होता. विमान १७२ नॉटपर्यंत पोहोचलं होतं, पण वैमानिकांनी तेव्हाच्या लिखित पद्धतीप्रमाणे नाक वर घेऊन वेग व्ही-टूकडे येऊ दिला. स्लॅट्स गेल्याचं त्यांना कॉकपिटमध्ये कळण्याचा मार्ग नव्हता. २७३ जण मृत्युमुखी पडले. हातात असलेला वेग उगाच सोडायचा नाही, हे वैमानिकांच्या पुढच्या पिढ्यांना त्या दिवसाने शिकवलं.

विंडशिअरमध्ये (वाऱ्याच्या वेगात-दिशेत अचानक होणाऱ्या बदलात) असाल तर त्यातून बाहेर पडेपर्यंत गिअर आणि फ्लॅप्स आहेत तिथेच.

९. बोइंग ७३७ वर जाणाऱ्यांसाठी

इथे एफ आणि एस नाहीत. पट्टीवर प्रत्येक फ्लॅप स्थितीचा मॅन्युव्हर वेग (त्या स्थितीत सुरक्षित वळता येईल असा वेग) दिसतो. ७३७ एनजीवर ते व्हीरेफ-४० मध्ये (फ्लॅप ४० वर उतरतानाच्या संदर्भ वेगात) ठरावीक आकडे मिळवून येतात: फ्लॅप ५ ला ३०, फ्लॅप १ ला ५०, क्लीन विमानाला ७०.

फरक नीट समजून घ्या, कारण एअरबसवरून येणारे इथेच अडखळतात. आत्ता ज्या स्थितीत आहात तिचा वेग आला की पुढची स्थिती मागायची. फ्लॅप ५ वर टेकऑफ केलं असेल तर '५' च्या खुणेला फ्लॅप १, आणि '१' च्या खुणेला अप. म्हणजे लिव्हर हलवता त्या क्षणी तुम्ही नव्या स्थितीच्या मॅन्युव्हर वेगाच्या खालीच असता. म्हणून वेग वाढता असणं ही इथे अटच आहे. बाण वर नसेल तर खूण गाठली तरी मागायचं नाही.

१०. मर्यादा ओलांडली तर

ए-३२० मध्ये व्हीएफईच्या ४ नॉट वर इशारा वाजतो. दचकून लिव्हर ओढू नका. नाक जरा वर घेऊन किंवा थ्रस्ट कमी करून वेग आधी खिडकीत आणा, एफ किंवा एस झालेला असेल तर मग पुढची पायरी. उतरल्यावर टेक लॉगमध्ये नोंद करा: कोणती स्थिती, जास्तीत जास्त किती वेग. तपासणीला वेळ लागेल, उड्डाण उशिरा निघेल, कुणीतरी नाराजही होईल. नोंद तरीही करायचीच. त्या फ्लॅपवर पुढचा वैमानिक विसंबणार असतो.

फ्लॅप्स किंवा स्लॅट्स मधेच अडकले तर लिव्हर वर-खाली करून पाहण्याचा प्रयोग करू नका. वेग वाढवणं थांबवा, ईकॅम (बिघाड आणि उपाय दाखवणारा स्क्रीन) आणि क्यूआरएच काढा, आहे त्या स्थितीची कमाल मर्यादा ठरवा. विमान उत्तम उडत असतं. निर्णयाला वेळ आहे.

सराव कसा करावा

भिंतीवरच्या पोस्टरसमोर खुर्ची मांडा. एका मित्राला मधूनमधून वेग आणि बाण सांगायला लावा: 'एकशे अठ्ठेचाळीस, बाण वर', 'एकशे अठ्ठावन्न, बाण खाली'. तुम्ही फक्त ठरलेले कॉलआउट आणि हाताची हालचाल करायची. त्याने अधूनमधून चुकीच्या वेगाला 'फ्लॅप्स झीरो' मागावं, आणि तुम्ही 'स्पीड लो' म्हणावं. रोज पंधरा मिनिटं, सिम्युलेटरच्या आधीचे दहा दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी हात लिव्हरकडे निघण्याआधी नजर पट्टीकडे जाऊ लागते.